पुढच्या एका क्विंटलचा हिशेब

रेल्वेच्या वेळापत्रकात वरठी हे नाव सापडत नाही. मुंबई-हावडा मार्गावरील या गावच्या स्थानकाचे नाव भंडारा रोड असे आहे. जिल्ह्याचे शहर तेथून काही किलोमीटरवर असल्याने येथे उतरणारा बहुतेक प्रवासी भंडाऱ्यासाठीच उतरतो. गावच्या अंगाला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि सभोवती मोहाडी तालुक्यातील धानाची शेती, अशी या गावाची दुहेरी ओळख आहे. सकाळच्या गाडीने येथून नागपूरला शिकायला जाणाऱ्या मुलांत व्यापारी घरांतील मुलेमुलीही असतात. त्यांतील एखाद्या मुलीने पदवीला अर्थशास्त्र घेतले की घरातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो, हे काकांना पेढीवर बसून चाळीस वर्षे ठाऊक आहे. तेवढे शिकण्यासाठी रोज नागपूर कशाला?"

प्रश्न रास्त आहे, परंतु तो पहिल्या वर्षाच्या पुस्तकाला लागू पडतो. सूक्ष्म अर्थशास्त्राचा दुसरा टप्पा, ज्याला विद्यापीठांत मध्यम पातळीचा अभ्यासक्रम म्हणतात, तो वेगळ्याच गोष्टीवर भर देतो. एकूण किती मिळाले, एकूण किती गेले, हे वहीतून कळतेच. हा अभ्यासक्रम विचारतो की या क्षणी आणखी एक क्विंटल घेतल्यास किंवा विकल्यास काय बदलेल? यालाच सीमांत विचार म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण भंडारा जिल्ह्यातील धानाच्या व्यापाराने गेल्या काही वर्षांत त्याचा जो प्रत्यय घेतला, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उदाहरणाहून जिवंत आहे.

2020-21 च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 1,868 रुपये होता. राज्य सरकारने त्यावर क्विंटलमागे 700 रुपये बोनस दिला, आणि तोही एका शेतकऱ्याला 50 क्विंटलपर्यंतच. म्हणजे खरेदी केंद्रावर नेलेल्या प्रत्येक क्विंटलला शेतकऱ्याच्या दृष्टीने 2,568 रुपये मिळणार होते. बोनस फक्त केंद्रावरच्या विक्रीला होता, खाजगी व्यापाऱ्याला विकलेल्या धानाला नव्हता. एका क्विंटल धानातून 67 किलो तांदूळ निघतो असे सरकारी प्रमाण आहे. ते धरले तर 1,868 रुपयांच्या धानाचा तांदूळ, भरडाई व इतर खर्च वगळता, क्विंटलला सुमारे 2,788 रुपयांना पडतो, तर 2,568 रुपयांच्या धानाचा सुमारे 3,833 रुपयांना. क्विंटलमागे हजाराहून अधिक रुपयांचा हा फरक कोणताही व्यापारी ग्राहकाकडून वसूल करू शकत नव्हता. व्यापाऱ्याकडे रोख पैसा हातोहात मिळतो आणि केंद्रावर चुकाऱ्याची वाट पाहावी लागते, हे खरे. ज्याच्या घरी लग्न वा आजारपण होते, तो त्या वाटेचा खर्च मोजून दुकानावर धान घालून जाई. पण ती अपवादाची गोष्ट.

त्या वर्षी अनेक पेढ्यांवर 'धंदा बसला' असा निष्कर्ष निघाला असेल, तर तो समजण्यासारखा आहे. तथापि बसला होता तो धंदा नव्हे. सरकारने मदत ज्या रीतीने दिली, त्या रीतीने खाजगी खरेदीदाराला पुढच्या प्रत्येक क्विंटलसाठी सातशे रुपयांची भिंत ओलांडावी लागत होती.

मग 2022 च्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, ही रीत बदलली. बोनस क्विंटलमागे न देता हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे ठरले. पुढच्या हंगामात ही रक्कम हेक्टरी 20,000 रुपये झाली, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकले असो वा नसो, ती त्याला मिळावी असे धोरण आले. हेक्टरी 20 क्विंटल पिकविणाऱ्या शेतकऱ्याला जुन्या पद्धतीने 14,000 रुपये मिळत होते, नव्या पद्धतीने आरंभी 15,000. त्याच्या घरात येणारा पैसा जवळजवळ तेवढाच. मात्र धान कोठे विकायचे, हा त्याचा निर्णय आता बोनसपासून सुटा झाला. 2023-24 मध्ये साधारण धानाचा हमीभाव 2,183 रुपये होता. ज्या व्यापाऱ्याला त्याहून थोडा अधिक भाव परवडत होता, किंवा जो तेवढ्याच भावाला रोख देत होता, त्याच्या दारात बैलगाडी पुन्हा थांबू शकत होती.

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हा धडा अंदाजपत्रक रेषेच्या आकृतीने येतो. प्रत्येक नगावर दिलेली मदत रेषेचा उतार बदलते आणि म्हणून माणसाची निवड बदलते. ठोक दिलेली मदत रेषा जशीच्या तशी वर सरकवते, निवडीला फारशी हात लावत नाही. 50 क्विंटलची मर्यादा म्हणजे त्या रेषेतील मोड. पन्नासाव्या क्विंटलपर्यंत केंद्र आकर्षक, एक्कावन्नाव्यापासून बोनस शून्य. एक्कावन्नावे क्विंटल मग कोठे जाते? पुस्तक म्हणते, बाजारात. प्रत्यक्षात ते कित्येकदा भावाच्या सातबाऱ्यावर जात असे.

येथे व्यापारी समाजाने जरा थांबून स्वतःकडेही पाहावे लागते. क्विंटलमागे बोनस असताना व्यापाऱ्याचे स्वस्तात घेतलेले किंवा बाहेरून आणलेले धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रात घातले जाते, अशा तक्रारी सतत होत होत्या. पद्धत बदलण्यामागे त्यांचाही भाग होता. अर्थशास्त्र याकडे निर्विकारपणे पाहते. सातशे रुपयांची तफावत ठेवली की तिचा लाभ घेणारा निघणारच, म्हणून नियमच असा करा की लबाडीला वाव उरू नये. श्रावकाचा विचार एवढ्यावर थांबत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनमापे आणि भेसळीचा व्यवहार यांच्या बरोबरीने विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे व्यापारविषयक नियम डावलणे, हाही येतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढविलेले पोते या यादीत कोठे बसते, हे सांगायला पंडितांची गरज नाही.

भेसळीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट जाता जाता. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्या कामासाठी त्याला 2001 चे नोबेल मिळाले. माल चांगला की वाईट हे फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर ग्राहक मधलाच भाव देतो. मग चांगल्या मालाचा मालक बाजारातून बाहेर पडतो आणि वाईट माल उरतो, असा त्याचा सारांश. वर्षभर मुरलेला तांदूळ आणि नुसताच जुना म्हणून दिलेला तांदूळ यांतला फरक शिजल्यावर कळतो. तीन पिढ्यांच्या दुकानाचे नाव हीच तेथे ग्राहकाची हमी असते. त्या नावाला पैशात मोजता येणारी किंमत असते, हे अॅकरलॉफच्या आधीही पेढीवर माहीत होते.

बोनसची पद्धत बदलली ती सर्वांच्या हिताची झाली, असे मात्र म्हणता येत नाही. हेक्टरी 30 क्विंटल काढणाऱ्या कष्टाळू शेतकऱ्याला जुन्या हिशेबाने 21,000 मिळाले असते. आरंभीच्या 15,000 मध्ये त्याचे नुकसान झाले आणि कमी पिकविणाऱ्याचा फायदा. अधिक पिकविण्याला मिळणारे बक्षीस गेले. धोरणाचा कोणताही निर्णय कोणाच्या तरी खिशातून जातो. तो कोणाच्या, हे आधी विचारण्याची सवय हा अभ्यास लावतो.

तीच सवय 2023 च्या जुलैला लावून पाहता येते. 20 जुलै 2023 रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ती बंदी 28 सप्टेंबर 2024 पर्यंत राहिली. जगातील तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के. इतका मोठा विक्रेता बाजूला होताच परदेशात भाव चढले आणि देशात ते त्या मानाने आवरले गेले. शहरातील ग्राहकाला दिलासा मिळाला. तो दिलासा शेतकरी, गिरणीमालक आणि साठा धरलेला व्यापारी यांच्याकडून आला. हमीभाव असल्याने शेतकऱ्याच्या पायाखाली निदान एक पायरी होती. गोदाम भरून बसलेल्याला तशी पायरी नव्हती. साठा करताना व्याज, भाडे, तूट हे सगळे मोजतात. सरकार नियम बदलेल ही जोखीम क्वचित मोजली जाते.

आता गिरणीकडे. सरकारी धानाच्या भरडाईचा केंद्राचा दर अरवा तांदळासाठी अनेक वर्षे क्विंटलमागे अवघा 10 रुपये राहिला. राज्य त्यात आपली भर घालते आणि कोंडा-तूस गिरणीकडे राहते. 'या दरात कर्जाचा हप्ताही निघत नाही' ही गिरणीमालकांची तक्रार जुनी आहे. समजा, दर आणि कोंड्या-तुसाची किंमत मिळून क्विंटलमागे 60 रुपये येतात, वीज, मजुरी व झीज मिळून 45 जातात, आणि हप्ता क्विंटलवर वाटला तर 30 रुपये पडतात. वहीत 15 रुपयांचा तोटा दिसतो. पण गिरणी बंद ठेवली तरी हप्ता भरावाच लागतो, आणि चालू ठेवली तर त्याचे निम्मे तरी निघतात. या हंगामापुरते काम घ्यावे, हेच बरोबर. दुसरी गिरणी टाकण्याचा विचार असेल तेव्हा मात्र उत्तर उलटे होते, कारण तो हप्ता अजून अंगावर आलेला नसतो. एकच खर्च एका निर्णयात शून्य आणि दुसऱ्यात पूर्ण, ही गोष्ट अनुभवी माणसांनाही चकवते. कित्येक घरांत 'एवढे घातलेच आहेत' म्हणून आणखी घातले गेले आहेत.

दुकानाच्या हिशेबात याच्या उलट चूक होते. तेथे असलेला खर्च दिसत नाही. समजा, वरठीच्या बाजारात एका कुटुंबाचे स्वतःच्या जागेतील दुकान आहे आणि वर्षाला 6,00,000 रुपये नफा दाखवते. ती जागा भाड्याने दिली तर महिना 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000 येतील. मालात गुंतलेल्या 20 लाखांवर बँकेत 7 टक्क्यांनी 1,40,000. मुलगा दुसरीकडे नोकरीला गेला तर महिना 25,000 प्रमाणे 3,00,000. बेरीज 6,20,000. दुकान प्रत्यक्षात वर्षाला 20,000 रुपये घेत आहे, आणि सासू-सुना मिळून तांदूळ निवडतात, पाकिटे भरतात, उधारी लिहितात, ते अद्याप धरलेले नाही.

एवढ्यावरून दुकान बंद करा असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. स्वतःच्या गादीवर बसण्याचे, संध्याकाळी चौविहार सांभाळून वेळेवर घरी येण्याचे, आईवडिलांजवळ राहण्याचे मोल माणसाला 20,000 हून कितीतरी अधिक असू शकते. पण मुलाने गादीवर बसावे की नाही, यावरची घरातील चर्चा 'सहा लाख मिळतात' या आकड्यावर होते की या दुसऱ्या आकड्यावर, याने पुष्कळ फरक पडतो. सुनेच्या श्रमालाही त्या चर्चेत जागा मिळते.

या विषयाचे एक गृहीतक जैन वाचकाला खटकेल. अधिक ते नेहमी बरेच, असे पुस्तक धरून चालते. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या श्रावकाने आपली रेषा उत्पन्नाच्या रेषेच्या अलीकडेच आखलेली असते. गणिताचे त्याने काही अडत नाही. एक मर्यादा अधिक घालून तेच समीकरण सोडवता येते, आणि एखाद्या चौकस विद्यार्थिनीने ते प्राध्यापकांना विचारून पाहावे.

अभ्यासाच्या तयारीविषयी थोडे. हा टप्पा पहिल्या वर्षापेक्षा कठीण वाटतो तो गणितामुळे. बारावीच्या पातळीचे विकलन आणि मर्यादेखाली कमाल मूल्य काढण्याची एक रीत, एवढे पुरते. वाणिज्य शाखेत अकरावीला गणित सोडलेल्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने त्यासाठी काढावेत. हॅल व्हॅरियन यांचे 1987 मध्ये प्रथम निघालेले पाठ्यपुस्तक अनेक विद्यापीठांत लावलेले असते. हेच व्हॅरियन पुढे गूगल कंपनीचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. पुस्तक इंग्रजीत आहे, उदाहरणे परदेशी आहेत. प्रत्येक प्रकरण संपले की त्यातील मोटारी आणि कॉफी काढून तेथे धान, कोंडा आणि बारदाना घालून पाहावे. घरी त्याची उत्तरे तपासायला काका आहेतच.