धावायचे, पण केव्हापासून?

विद्यार्थी मित्रांनो, बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावे, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटत असेल. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. तेव्हा मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. प्रवेश परीक्षेच्या काही वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकांत उमेदवारांना २.४ कि.मी. अंतर १५ मिनिटांत धावणे, किमान २० जोर काढणे, दोरावर ३ ते ४ मीटर चढणे असा सराव सुचवलेला आढळतो. लेखी परीक्षा झाली की धावायला लागू, असा बेत पुष्कळजण करतात. हा बेत शरीरशास्त्राला धरून नाही, असे माझे मत आहे.

आधी थोडे गणित करू. २.४ कि.मी. १५ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला १६० मीटर. या वेगाने धावताना शरीराला दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ३५ मि.लि. प्राणवायू लागतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला साडेतीन मि.लि. पुरतो. म्हणजे मागणी दहापट झाली! ५० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला मिनिटाला पावणेदोन लिटर प्राणवायू हवा. धावण्यावरून प्राणवायू वापरण्याची ही क्षमता अजमावण्याची सोपी रीत अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. घड्याळ आणि मोजलेले मैदान एवढेच तिला पुरते.

नियमित सरावाने हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत ही मागणी पुरवू लागतात. हाडांचे मात्र तसे नाही. नवा भार पडला, की हाडातील जुना भाग आधी पोखरला जातो आणि मग तेथे नवे हाड भरते. पोखरण्याला सुमारे ३ आठवडे लागतात, भरण्याला सुमारे ३ महिने. मधल्या काळात हाड नाजूक असते. नेमका तेव्हाच दम वाढलेला असल्याने उत्साही मुलगा अंतर दुप्पट करतो आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो. संचलन करणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे हे दुखणे प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच नोंदवले होते. तुमची हाडे तर अजून वाढीला लागलेली आहेत.

म्हणून सुरुवात नववीतच करा. आधी भरभर चालणे, मग चालणे व धावणे आलटून पालटून, आणि अंतर हळूहळू वाढवणे. महिन्यातून एकदा वेळ मोजून वहीत लिहा. तुलना शेजाऱ्याशी नको, स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा. हाडावर एकाच जागी दुखू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. दुखणे लपवण्यात शौर्य नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. परीक्षा जवळ आली, की कवायतीचा तास गणिताला देऊ नका. राहिलेले गणित रविवारी शिकवता येईल. हाडांचे तीन महिने मात्र कोणत्याही जादा तासाने भरून निघत नाहीत.