घड्याळ लावून एक तास

पंधरा दिवसांपूर्वीच्या शनिवारची गोष्ट. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, तळमजल्यावरच्या एका खोलीत आमचा सराव चालू होता. दहा मुली, मी, एक सतरंजी, एक फळा आणि एक टेबलघड्याळ. प्रश्न 35, वेळ 20 मिनिटं. बाराव्या मिनिटाला एक जण पेन खाली ठेवून उठली. "काकू, पाण्याची वेळ झाली. मला जावं लागेल." मी विचारलं, "घरी कुणी नाही का?" तर म्हणाली, "आहे ना, भाऊ आहे." आणि गेली!

मैत्रिणींनो, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. कारण गावोगावच्या आया भेटल्या की मला एकच प्रश्न विचारतात. मुलगी बी.कॉम. झाली, बँकेची परीक्षा द्यायची म्हणते, तर तिला कुठला क्लास लावू? पुण्याला ठेवू का? खर्च झेपेल का? मी स्वतः बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, म्हणून माझ्याकडून क्लासचं नाव हवं असतं. क्लास लावायचा तर जरूर लावा. पण त्याआधी मुलीला घरातला एक सलग तास देता येईल का, ते बघा. सलग म्हणजे सलग. मध्ये दूध तापत ठेवायचं नाही, दार उघडायला उठायचं नाही, पाहुण्यांना चहा करायचा नाही.

हा काही माझा हट्ट नाही, परीक्षाच तशी आहे. सरकारी बँकांतल्या लिपिक भरतीची परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते. तिचं कार्यालय आपल्या मुंबईतच, कांदिवलीला. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते, बाकीच्या 11 सरकारी बँकांसाठी ही एकच. पूर्वपरीक्षेत 100 प्रश्न आणि 60 मिनिटं. त्यातले इंग्रजीचे 30, अंकगणिताचे 35 आणि तर्कक्षमतेचे 35. प्रत्येक भागाला 20 मिनिटं बांधलेली. इंग्रजी लवकर संपलं म्हणून उरलेली मिनिटं गणिताला वापरता येत नाहीत. हिशेब करा, गणिताच्या एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद येतात! आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण जातो. म्हणजे 60 प्रश्न सोडवले, 48 बरोबर आले, 12 चुकले, तर हाती 45 गुण.

चौतीस सेकंदांत उत्तर काढायचं तर ते समजून चालत नाही, हाताला वळण लागावं लागतं. पोळी गोल कशी येते, हे वाचून कुणाला पोळी आली आहे का? तसंच हे. आणि वळण लागायला मध्ये न तुटणारा वेळ लागतो. दिवसभरात दहा-दहा मिनिटं सहा वेळा अभ्यास केला तर तास भरतो खरा, पण सलग 20 मिनिटं डोकं ताणून धरायची सवय लागत नाही. आमच्या मुलींचं घोडं अडतं ते तिथेच.

कारण अक्कल त्यांच्यापाशी भरपूर आहे, बरं का. साडीवर 18 टक्के सूट म्हणजे 350च्या साडीवर किती सुटले, असं विचारा. बाजार करणारी बाई कागद मागत नाही. दहा टक्क्यांचे 35, वीस टक्क्यांचे 70, त्यातून दोन टक्क्यांचे 7 गेले, राहिले 63. हेच गणित परीक्षेत '350 चे 18% = ?' असं आलं की तीच मुलगी उभा गुणाकार मांडून बसते. शाळेने ती सवय लावलेली असते, आता ती मोडायची. त्यासाठी 30पर्यंतचे पाढे, 30पर्यंतचे वर्ग आणि एक छेद दोनपासून एक छेद वीसपर्यंतचे टक्के तोंडपाठ हवेत. हे पाठांतर भाजी निवडतानाही होतं. त्याला सलग तास लागत नाही, तो सोडवायच्या सरावासाठी राखून ठेवा.

तर्कक्षमतेचं नाव ऐकूनच मुली घाबरतात. खरं तर त्यातले नात्यांचे प्रश्न आपल्याला सोपे जायला हवेत. इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ' एवढा एकच शब्द. आपल्याकडे नणंद वेगळी, जाऊ वेगळी, भावजय वेगळी, मेहुणी वेगळी! आमच्या मुली आधी कागदावर मराठीत नातं लिहितात आणि मग उत्तर शोधतात. झटकन जमतं. बैठकीचे प्रश्न मात्र वेळखाऊ. आठ जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत, अमक्याच्या उजवीकडे तिसरा कोण? इथे एकच गोष्ट पक्की करायची. मध्याकडे तोंड असेल तर उजवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो. आम्ही सतरंजीवर पंगतीसारख्या गोल बसलो आणि एकमेकींचे हात धरून बघितलं, तेव्हा कुठे ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आणि विधान-निष्कर्ष! 'सर्व पेनं पुस्तकं आहेत, काही पुस्तकं कपाटं आहेत, म्हणून काही पेनं कपाटं आहेत', बरोबर की चूक? पहिल्या दिवशी एकीने ठणकावून सांगितलं, "काकू, पेन कपाट असूच शकत नाही!" आम्ही सगळ्या हसलो. पण तिथेच तर गंमत आहे. जग कसं आहे ते विसरायचं, दिलेल्या वाक्यांतून काय निघतं तेवढंच बघायचं. निष्कर्ष चूकच आहे, पण तिने सांगितलेल्या कारणामुळे नाही. जी पुस्तकं कपाटं आहेत, त्यांत पेनं असतीलच असं कुणी सांगितलंय?

इंग्रजीचा भाग इंग्रजीतच द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण आमच्या मुलींच्या चुका नीट मांडून बघितल्या तर निम्म्याहून जास्त मराठीतून आलेल्या निघाल्या. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लागतो. आपण माणसाशी लग्न करतो, म्हणून 'मॅरिड'च्या पुढे 'विथ' येतो, तिथे हवा असतो 'टू'. अशा स्वतःच्या चुकांची वही ठेवायची. जाड व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा ती जास्त कामाला येते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. 2021 साली केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने लिपिक भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर 13 प्रादेशिक भाषांतूनही घ्यायचं ठरवलं, त्यात मराठी आहे. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलीला गणित आणि तर्काचा पेपर मराठीत वाचता येतो. मात्र सराव इंग्रजी पुस्तकातून आणि परीक्षा मराठीतून, असं करू नका. 'गुणोत्तर', 'चक्रवाढ व्याज' हे शब्द वाचून थबकायला तिथे सेकंद नसतात. भाषा पहिल्याच दिवशी ठरवा.

आता वयाचं. लिपिकासाठी वय 20 ते 28. इतर मागासवर्गीयांना 3 आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची सवलत. आपल्याकडे मुलीची पदवी होते एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आणि लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. परीक्षेची वर्षं आणि लग्नाची वर्षं एकच! पहिल्या प्रयत्नात नाही झालं की घरचे म्हणतात, आता पुरे. मुलाला मात्र 'पुढच्या वर्षी बघ' असं सांगतात.

पण ज्यांचं वय निघून गेलंय असं वाटतं, त्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचा. विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या बायकांना ही मर्यादा खुल्या वर्गात 35, इतर मागासवर्गात 38 आणि अनुसूचित जाती-जमातींत 40 वर्षांपर्यंत आहे. आमच्याकडे एक जण पुतणीला सोडायला यायची. तेहतीस वर्षांची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, बी.ए. झालेली. हे ऐकलं आणि पुढच्या शनिवारी वही घेऊन आली. पुतणी आता यायची थांबली आहे, ती येते.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी अर्ज भरताना जपायचं. अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर नावबदलाचा पुरावा जवळ हवा. या कागदासाठी ऐनवेळी धावपळ नको. सवलती आणि नियम त्या वर्षीच्या जाहिरातीत स्वतः वाचा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका (माझ्याही नाही!).

प्रतीक्षा तोंडवळकर यांचं नाव 2022 साली वर्तमानपत्रांत आलं होतं, आठवतंय? विशीत नवरा गेला, पदरी लहान मुलगा. नवरा ज्या स्टेट बँकेत होता तिथेच त्या झाडू-सफाईच्या कामाला लागल्या. मग दहावी झाल्या, विक्रोळीच्या रात्र कॉलेजातून बारावी, पुढे पदवी. लिपिक झाल्या, अधिकारी झाल्या आणि 2022मध्ये सहायक महाव्यवस्थापक. त्यांचा रस्ता खात्यांतर्गत बढतीचा, आपल्या मुलींचा थेट भरतीचा, हे खरं. विक्रोळी मानखुर्दपासून जवळच, म्हणून आमच्या मुलींना त्या फार आपल्या वाटतात. मला मात्र वाचताना सारखं वाटत होतं, दिवसभर काम करून रात्री कॉलेजात जायच्या, त्या वेळी मुलाजवळ कुणीतरी बसलं असेलच ना? त्यांना अभ्यासाचे तास मोकळे करून देणारं कुणीतरी असणारच.

आमच्या इमारतींमधल्या खोल्या 225 चौरस फुटांच्या. त्यात पाच-सहा माणसं, टीव्ही, शिवणयंत्र. वेगळी खोली कुठून आणायची? खोली कुणी मागतच नाही. तासभर टीव्हीचा आवाज बारीक आणि त्या वेळेपुरतं घरातलं काम दुसऱ्या कुणीतरी उचलायचं, एवढंच मागणं आहे. तेही रोज मागावं लागू नये. भिंतीवर लिहून लावा, संध्याकाळी सात ते आठ, हिला हाक मारायची नाही.

ती पाण्याला गेलेली मुलगी परवा परत आली. पाण्याची वेळ बदललेली नव्हती, म्हणून मीच सराव अर्धा तास आधी ठेवला. या वेळी पूर्ण 20 मिनिटं बसली. गणिताचे 21 सोडवले, 17 बरोबर, 4 चूक, म्हणजे 16 गुण. मागच्या वेळी अर्धवट सोडून गेली तेव्हा 7 होते. पाणी भरायला तिने भावाला सांगून पाहिलं का, असं मी विचारलं. "सांगितलं, काकू. हो म्हणाला, पण मी निघाले तेव्हा झोपला होता." आणि बॅग उचलून, घड्याळाकडे बघत, ती घाईघाईने गेली.