एका पानाचं वजन

संशोधकाचं काम मोजायला ‘एच-इंडेक्स’ नावाचा आकडा वापरतात. तो 50 असेल, तर त्याच्या 50 शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान 50 वेळा इतरांनी संदर्भ दिला आहे, असा अर्थ. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना असा नेमका आकडा आवडतोच. पण एखादा निबंध कितीही गाजला, तरी या हिशेबात तो एकच!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं ‘लॅन्सेट’मधलं 2004 सालचं एक पान बघा. त्यात ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. नुसता बीएमआय आपल्याला कसा फसवतो, ते या एका पानाने दाखवलं.

आपल्याकडे अजूनही म्हणतात, “तो एवढा काटकुळा, त्याला कसली शुगर?” तेव्हा वजनाबरोबर कंबरही मोजा. घरात कुणाला मधुमेह असेल, तर सडपातळ असलात तरी रक्त तपासून घ्या.