कॉलेजाची खूणचिठ्ठी



बारावीचा निकाल लागला, की गावात दोन तऱ्हेची माणसे मोटारसायकलवरून येऊ लागतात. एक बियाण्याच्या कंपनीचा माणूस आणि दुसरा कॉलेजाचा. पहिल्याला आपण ओळखून असतो. तो काहीही सांगो, आपण पिशवी उलटीसुलटी करतो, शिवणीतली निळी खूणचिठ्ठी बघतो, उगवण किती टक्के ते वाचतो, मुदत सरली नाही ना ते पाहतो. पक्की पावती घेतो आणि रिकामी पिशवीदेखील पीक हाती येईतो माळ्यावर जपून ठेवतो. दुसरा माणूस मात्र ओसरीवर बसून चहा पितो, रंगीत कागद पुढे सरकवतो, “शासनमान्य, नॅक मानांकित, नोकरीची हमी” असे म्हणतो, आणि आपण पोराचे मूळ दाखले त्याच्या हाती देऊन मोकळे होतो!

त्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणापायी कुणी सोसायटीच्या कर्जावर आणखी कर्ज काढलेले असते, कुणी दुभती म्हैस बाजारात नेलेली असते, कुणा माउलीने पाटल्या मोडलेल्या असतात. तेव्हा बियाण्याइतकी तरी चौकशी कॉलेजाची करायला हवी. कॉलेजालाही खूणचिठ्ठी असते. फरक एवढाच, की ती एक नसून तीन असतात आणि दाखवताना त्यातली सोयीची तेवढी दाखवली जाते.

आधी ‘शासनमान्य’ या शब्दाचा समाचार घेऊ. धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंदणी झाली, की त्या नोंदणीचा नंबर पाटीवर घालून खाली ‘शासनमान्य’ लिहिणारे महाभाग आहेत. ती नोंदणी भजनी मंडळाचीही होते. तिने कॉलेज काढण्याचा हक्क मिळत नाही, मग पदवी देण्याचा कुठून मिळणार?

पदवी कोण देऊ शकतो, हे १९५६ सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातच लिहिलेले आहे. संसदेच्या किंवा राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने निघालेले विद्यापीठ, केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेली अभिमत संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. तालुक्याचे कॉलेज शिकवते, पण पदवीचा कागद विद्यापीठाचा असतो. त्यासाठी कॉलेज त्या विद्यापीठाला जोडलेले लागते. याला संलग्नता म्हणतात आणि ही झाली पहिली खूणचिठ्ठी. ध्यानात ठेवायचे ते हे, की संलग्नता अख्ख्या इमारतीला एकदाच मिळून भागत नाही. ती अभ्यासक्रमागणिक असते, जागाही ठरवून दिलेल्या असतात. बी.ए.ला संलग्न असलेल्या कॉलेजाने यंदा नवा वर्ग काढला असेल, तर त्या वर्गाचे पत्र निराळे मागावे.

विद्यापीठच खोटे असले तर? तसेही असते. आयोग खोट्या विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. ऑगस्ट २०२३ च्या यादीत वीस नावे होती आणि त्यातली आठ एकट्या दिल्लीची. नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव या यादीत वर्षानुवर्षे येत राहिले आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींनी गोकाकच्या एका ‘वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी’चे नावही त्यात वाचले असेल. नावात ‘वर्ल्ड’ आले म्हणजे हुरळून जायचे कारण नाही. आणि अशा ठकांना १९५६ च्या कायद्याने दंड ठरवला तो किती? एक हजार रुपयांपर्यंत! सोयाबीनच्या बियाण्याची एक पिशवी आज तेवढ्यात येत नाही.

कधीकधी तर सरकारचा शिक्का असूनही पोरे बुडता बुडता वाचतात. आपल्या शेजारच्या छत्तीसगडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. राज्य नवे होते. २००२ साली तिथल्या विधिमंडळाने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. सरकारने राजपत्रात नाव छापले की झाले विद्यापीठ! थोड्याच काळात ११२ विद्यापीठे निघाली. त्यातल्या कित्येकांना ना इमारत ना आवार, काही तर एका खोलीत चालत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि नामवंत शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल यांना हे पाहवेना. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली आणि ती सगळी विद्यापीठे एका निकालात गेली. शिकणाऱ्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्याच्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची व्यवस्था करावी, असे न्यायालयाने सरकारला सांगितले म्हणून बरे. पण निकाल लागेपर्यंत त्या आईबापांच्या घशाखाली घास उतरला असेल का?

आता दुसरी खूणचिठ्ठी. काही धंदे असे आहेत, की विद्यापीठाची संलग्नता असून पुरत नाही, त्या त्या विषयाच्या परिषदेची मान्यताही लागते. इंजिनिअरिंगला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्राला म्हणजे आपल्या फार्मसीला फार्मसी कौन्सिल, बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, वकिलीला बार कौन्सिल, डॉक्टरकीला २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. बी.सी.ए. आणि बी.बी.ए. हे वर्ग पूर्वी नुसत्या विद्यापीठाच्या संलग्नतेवर चालत. २०२४-२५ पासून त्यांनाही तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागू झाली. नर्सिंगला तर मुली मोठ्या आशेने जातात. तिथे कौन्सिलची मान्यता नसलेल्या वर्गात दोन-तीन वर्षे घातली, तर पुढे नर्स म्हणून नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून रीतसर नोकरी नाही. तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या ‘नर्सिंग इन्स्टिट्यूट’मध्ये लेकीला घालण्यापूर्वी एवढे जरूर बघा.

शेतकी शिक्षणाची घडी जराशी वेगळी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे. बरीच खासगी कृषी महाविद्यालये यांपैकी एकाशी संलग्न असतात. हल्ली खासगी विद्यापीठेही बी.एस्सी. ॲग्री चालवतात. त्यांच्याकडे गेलात तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

दुसरी खूणचिठ्ठी नसली तर काय होते, ते ओडिशाच्या उपसा सिंचन महामंडळाच्या खटल्यात दिसले. तिथे पदविका झालेल्या एका नोकरदाराने राजस्थानातल्या अभिमत विद्यापीठातून टपालाने इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. त्यावरून बढतीचा वाद झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल लागला. अशी चार अभिमत विद्यापीठे निघाली, की ज्यांनी तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता न घेता टपालाने इंजिनिअर केले होते. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि परिषदेची परीक्षा उतरलात तरच त्या टिकतील, असे सांगितले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. म्हणजे ज्यांनी दहा-दहा वर्षे त्या पदवीवर नोकरी केली, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. विद्यापीठ खोटे नव्हते हो. पहिली खूणचिठ्ठी होती, दुसरी नव्हती.

तिसरी खूणचिठ्ठी ती नॅकची, जी एस.टी. स्टँडवरच्या फलकावर हातभर अक्षरात असते. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती १९९४ साली स्थापन केली, कचेरी बंगळूरला. कॉलेज शिकवते कसे, ग्रंथालय-प्रयोगशाळा आहे का, मुलांना आधार काय मिळतो, कारभार कसा चालतो अशा सात बाबी तपासून चारपैकी गुण द्यायचे आणि गुणांवरून श्रेणी, अशी तिची रीत पडली. ३.५१ च्या वर ए प्लस प्लस, मग ए प्लस, ए, बी प्लस प्लस अशी ती उतरंड सीपर्यंत येते. दीड किंवा त्याहून कमी गुण पडले तर डी, म्हणजे अधिस्वीकृती नाही. श्रेणी साधारण पाच वर्षे टिकते. फलक मात्र ऊनपाऊस सोसत दहा वर्षे टिकतो, म्हणून श्रेणीच्या शेजारी साल शोधायचे.

या अक्षराला किती भाव द्यावा? मला विचाराल तर ते सर्वांत शेवटी बघावे. एक तर नॅकने पदवी देण्याचा हक्क मिळत नाही, तो पहिल्या दोन कागदांनी मिळतो. श्रेणी नसलेले कॉलेज खोटे ठरत नाही, आणि ‘ए’ असलेल्या कॉलेजातला एखादा नवा वर्ग बिनमान्यतेचा असू शकतो. दुसरे असे, की २०१७ पासून जी पद्धत आली, तिच्यात सुमारे ७० टक्के गुण कॉलेजाने स्वतः भरून दिलेल्या माहितीवर बेतलेले होते. परिषद ती माहिती पडताळते, नाही असे नाही, पण आपणच आपल्या मालाची ग्वाही द्यायची ही तऱ्हा ‘सत्यप्रत’ बियाण्याजवळची झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्रातल्या गुंटूरकडच्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सी.बी.आय.ने तपासणी समितीतल्या प्राध्यापक मंडळींनाच अटक केली. आता अक्षरे काढून टाकून नुसते ‘अधिस्वीकृत आहे’ वा ‘नाही’ एवढेच सांगायचे, असे धोरण परिषदेने २०२४ मध्ये जाहीर केले. तेव्हा जुन्या अक्षरांचे फलक पुढेही बरीच वर्षे लटकत राहणार, हे ध्यानात असू द्या.

हे सारे तपासायला मुंबई-पुण्याला जायला नको. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी असते, परिषदांच्या स्थळांवर त्यांच्या मान्य संस्थांची. घरातल्या मुलीच्या हाती मोबाईल द्या, ती घटकाभरात काढून दाखवील. कॉलेजाने दिलेल्या कागदाच्या झेरॉक्सवर विसंबू नका, यादीतले नाव, गाव आणि अभ्यासक्रम तिन्ही जुळले पाहिजेत. शेजारच्या तालुक्यातल्या थोरल्या कॉलेजाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन बसलेली संस्था असते, म्हणून गाव बघायचे. मग एक दिवस स्वतः जाऊन या. प्रवेशाच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळीकडे रांगोळी असते. साध्या कामाच्या दिवशी, दुपारी जा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते आणि मास्तर किती टिकतात.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. ती माफी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आणि सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या मुलीला आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. “मुलींना फी नाहीच की हो,” असे ओसरीवरचा माणूस म्हणाला, तर त्याला कॉलेजाचा प्रवेश फेरीतला संकेतांक कागदावर लिहून द्यायला सांगा, आणि तो लिहून देईपर्यंत लेकीचे दाखले ट्रंकेतून काढू नका.