वरच्या थरावरचं पोर

फेब्रुवारी २०२२. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कामिला वालिएवा ही रशियन फिगर स्केटर बर्फावरून उडाली, हवेत स्वतःभोवती चार गिरक्या घेतल्या आणि उतरली. ऑलिंपिकमध्ये अशी उडी मारणारी पहिली महिला, असं कौतुक झालं. महिला म्हणायचं, आणि वय १५!

काही दिवसांतच तिची जुनी उत्तेजक चाचणी सदोष निघाल्याचं बाहेर आलं. वैयक्तिक स्पर्धेत ती पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली. पुढे चार वर्षांची बंदी आली, ती त्या मुलीवर.

या उड्या कोवळ्या मुलीच का मारतात? शरीर भरण्याआधी हलक्या, सडपातळ अंगाला गिरकी सोपी जाते, आणि अवघड उडीला गुण जास्त. गुण हवेत, म्हणून पोर हवं. जून २०२२ मध्ये जागतिक स्केटिंग महासंघाने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ करायचं ठरवलं. बाजूने १०० मतं, विरोधात १६.

आता आमच्या माजिवड्यात या. दहीहंडीच्या दिवशी नाक्यावर गोविंदांच्या ट्रकांची रांग असते. सगळ्यात वर लहान मूलच का चढवतात? ते हलकं असतं म्हणून. थर वाढला की बक्षीस वाढतं. बर्फावर गुण, इथे लाख. हिशेब तोच.

फरक पुढे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची २० फुटांवर आणली. २०१७ मध्ये, १४ वर्षांखालची मुलं घेणार नाही, या सरकारच्या हमीवर भागलं. उंचीची मर्यादाही गेली. तिकडे वय १५ चं १७ झालं, आपण १८ चं १४ केलं. तेही पाळलं का? १० ऑगस्ट २०२५ रोजी दहिसरला सरावात थरावरून पडून ११ वर्षांचा मुलगा गेला. सहाच दिवसांनी ठाण्यात दहा थरांचा विक्रम झाला आणि आपण टाळ्या वाजवल्या.

मुसलमानाने हंडीवर का बोलावं, असं कुणी विचारेल. हंडी ठाण्याची आहे आणि मी ठाण्याचा आहे, म्हणून. शिवाय आमचं घर काही स्वच्छ नाही. रमजानमध्ये सहा-सात वर्षांच्या पोराला पहिला रोजा धरायला लावायचा, गळ्यात हार घालायचा, फोटो फिरवायचे. वयात येण्याआधी रोजा फर्ज नाही, हे कुठलाही मौलाना सांगेल. तहान पोराची, वाहवा बापाची. हेही तितकंच चूक आहे.

‘मुलाची स्वतःचीच हौस असते,’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. असते ना! मुलाला गच्चीच्या कठड्यावर चालायचीही हौस असते. तिथे आपण कान धरतो. इथे शिट्टी वाजवतो.

आणि थांबल्याने काय बुडतं? अमेरिकेची अलिसा लिऊ १३व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, १६व्या वर्षी खेळ सोडून घरी बसली. दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने परतली आणि मार्च २०२५ मध्ये, १९व्या वर्षी, चार गिरक्यांची एकही उडी न मारता जगज्जेती झाली.

२०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. मग खेळाचे नियमही लावा. वरच्या थरांवर १८ पूर्ण झालेलेच चढतील. नाव नोंदवताना वयाचा दाखला घ्या. सुरक्षा दोर आणि हेल्मेट नसेल तर थर मोजू नका. लहान मूल वर दिसलं तर पथकाचं बक्षीस रद्द करा, आणि बक्षीस देणाऱ्या आयोजकालाही दंड लावा.

थर सात झाले तरी दही तेवढंच गोड लागेल.