सण बागेतला, सगळ्या घरांचा

मैत्रिणींनो, आपले सण मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरायची नाहीत. पण प्रत्येक सणाला एक घर असतं आणि घर आलं की एकजण यजमानीण होते, दुसरी पाहुणी. गणपतीत आपण शेजारी मोदक पाठवतो, नाताळात तिकडून कुलकुल आणि केक येतो, ईदेला शीरखुर्म्याचा वाडगा येतो. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, म्हणून त्यात चिमूटभर साखर घालण्याची रीतही आपण पाळतो. भांडी अशी जा-ये करतात. माणसं मात्र उंबऱ्याशीच थांबतात.

एका भगिनीचं पत्र आलं आहे. तिच्या इमारतीत चार धर्मांची, पाच भाषांची बिऱ्हाडं. समोरच्या घरातली मुलगी आणि हिची नऊ वर्षांची लेक एका वर्गात. एके दिवशी लेक समोरच्या बाईंना सरळ म्हणाली, "तुमच्याकडचं खायचं नाही, असं आजी म्हणते." भगिनी लिहिते, "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून आम्ही दोघी जिन्यात भेटलो की पाण्याबद्दल बोलतो आणि आपापल्या दारात शिरतो. माफी मागावी तर गोष्ट वाढते, गप्प बसावं तर भिंत वाढते. काय करू?"

बाई, तुम्ही दोघींच्या घरांना एक दिवस अशा ठिकाणी घेऊन जा, जे कुणाचंच घर नाही. मुंबईत आणि आसपास राहणाऱ्यांसाठी अशी एक जागा आहे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिला लागूनच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हिवाळा सरताना, साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, महापालिकेचं झाडं-फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन या बागेत भरतं. त्या दिवसांत बागेला जत्रेचं रूप येतं. बुरखेवाल्या बाया, नऊवारीतल्या आजीबाई, फ्रॉकातल्या मावश्या, गुजराती कुटुंबं, सगळी एकाच झेंडूच्या वाफ्यापाशी मान वाकवून उभी. कुंडीतली वांगी पाहून "खत काय घातलं हो?" हा प्रश्न सगळ्या भाषांत एकाच सुरात विचारला जातो, बरं का!

हे उभं कुणी केलं?

मुलांना तिथे नेण्याआधी एवढं सांगून ठेवा. बाग 1862 साली खुली झाली आणि संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिलाही त्याच वर्षी बसली. इमारत लोकांना पाहायला मिळाली ती 2 मे 1872 रोजी. हे काम ज्यांनी पुढे नेलं त्यांत गोव्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी होते आणि जॉर्ज बर्डवुड हे इंग्रज डॉक्टर होते. हातभार लावणाऱ्यांत आपले जगन्नाथ शंकरशेट होते, बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून होते, पारशी जमशेटजी जीजीभाई होते. जेवणाच्या पंक्तीला ही मंडळी एकत्र बसली असती की नाही, कोण जाणे. पण शहराच्या मुलांसाठी काही उभं करायचं म्हटल्यावर ती एकत्र आली. 1975 साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं.

आत गेलात की मातीच्या छोट्या बाहुल्या पाहायला विसरू नका. जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींची, कारागिरांची माणसं हुबेहूब घडवलेली. पागोटी, टोप्या, फेटे, लुगडं नेसण्याच्या तऱ्हा, सगळं बोटभर आकारात. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे सांधून तो इथे उभा केला गेला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आणि 'काळा घोडा' म्हणतात तो मूळचा पुतळाही याच बागेत आहे, 1965 साली इथे आणलेला.

झाडांचीही हीच कथा. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, उर्वशी ब्रह्मदेशची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. इतकी वर्षं एकाच मातीत वाढल्यावर त्यांना परकं कोण म्हणेल? पेंग्विन पाहिल्याशिवाय तर मुलं बागेतून हलायचीच नाहीत. तेही मूळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याच्या जातीचे, 2016 साली कोरियातून आणलेले.

आता कामाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट आमंत्रणाची. "आम्ही तुम्हांला नेतो" असं म्हणू नका. "आपण जाऊ या का?" म्हणा. गाडीभाडं एकीनं दिलं तर तिकिटं दुसरीनं काढावीत. उपकाराचा हिशेब मनात राहिला की सहल संपल्यावर तोच आठवत राहतो. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. जुनी इमारत म्हटली की अधूनमधून दुरुस्ती निघते. म्हणून निघण्याआधी फोनवर चौकशी केलेली बरी.

दुसरी गोष्ट खाण्याची, आणि खरी मेख इथेच आहे. पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या असतील तर तो सण कसला, तो नुसता जागा बदललेला स्वयंपाक! प्रत्येक घरानं एकच कोरडा पदार्थ घ्यावा. भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, खाकरे, लाडू, बस्स. सोबत भरपूर केळी आणि संत्री. सालीतल्या फळाला जुन्या काळच्या कडक बायकांनीही कधी विटाळ मानला नाही. म्हणजे आजींचीही अडचण नाही आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन शेजारणीचीही नाही. डबे कुठे उघडायचे ते फाटकावर विचारून घ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा.

तिसरी गोष्ट मुलांची. सकाळी बाग पाहावी आणि ऊन चढलं की संग्रहालयाच्या सावलीत शिरावं. मुलांच्या जोड्या लावताना एक या घरचं, एक त्या घरचं असं मूल घ्या. प्रत्येक जोडीनं बाहुल्यांमधली पाच निरनिराळी शिरोभूषणं शोधायची आणि मग आपापल्या आईवडिलांना विचारायचं, "आपले पणजोबा डोक्याला काय घालायचे?" बघा, मोठी माणसंच किती बोलू लागतात! घरातल्या पुरुषमंडळींना पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला द्या. त्यांनाही काहीतरी काम हवंच.

चौथी गोष्ट आजींची. त्यांना घरी ठेवून जाऊ नका, आणि वाटेत त्यांच्याशी वादही घालू नका. सत्तर वर्षांची समजूत एका वाक्यानं बदलत नाही. त्यांना झाडं ओळखायला सांगा. बकुळ, सीताअशोक, सुरंगी यांची नावं आणि औषधी गुण त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? समोरच्या घरातही एखादी नानी किंवा दादी असेलच. दोघींना एका बाकावर बसवा. गुडघेदुखीला धर्म नसतो. पंधरा मिनिटांत तेलांची नावं निघतील.

आणि ती माफी?

पत्रलेखिका भगिनींनो, माफी मागायला हवीच. पण मुलांसमोर आणि समारंभानं नको. बागेत चालताना दोघीच मागे राहाल तेव्हा एवढंच म्हणा, "त्या दिवशी माझ्या मुलीच्या तोंडून जे गेलं त्याची मला फार लाज वाटली." पुढे खुलासा नको. सासूबाईंवर ढकलू तर मुळीच नका, कारण लेक जे शिकली ते तुमच्याच घरात शिकली. मग डबे उघडतील तेव्हा तिच्या डब्यातला पहिला घास तुम्ही घ्या, लेकीच्या देखत. हजार उपदेशांनी जे होणार नाही ते त्या एका घासानं होईल. एखादा पदार्थ तुम्हांला खरोखरच चालत नसेल तर सरळ सांगा, "आम्ही अंडं खात नाही हो, बाकी सगळं द्या." स्पष्ट बोलण्यानं कुणी दुखावत नाही. कारण न सांगता हात मागे घेतला की मात्र दुखावतं.

मुंबईपासून लांब राहणाऱ्या मैत्रिणींनी हिरमुसू नये. कोल्हापूरला टाउन हॉलच्या बागेतच संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या पश्चिमेकडच्या समुद्रदेवाची इवली कांस्यमूर्ती हे तिथलं भूषण. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडीकुंडी पाहताना प्रत्येकीला आपलं आजोळ आठवेल. तिथे बाग नसली तरी पुण्यात बागांना काय तोटा? तुमच्या गावात यातलं काहीच नसेल तर नगरपालिकेची साधी बागही चालेल. दोन्ही घरांतली दोन-दोन जुनी भांडी तिथे घेऊन जा. तेच तुमचं संग्रहालय.

18 मे हा जागतिक संग्रहालय दिन. मुलांना सुट्टी असते, वाळवणं उरकत आलेली असतात. कॅलेंडरवर आजच खूण करा आणि आपल्या जिन्यातल्या निदान एका दारावर जाऊन विचारा, "येता का?"