आजीची मशेरी आणि तुटलेली गुणसूत्रे

"माझ्या आजयेन जल्मभर मशेरी लावल्यान, तिका खंय काय झाला?" शिरोडा-आरवली पट्ट्यात ओपीडी चालवणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. तो हसून टाळू नये. तंबाखू खाणाऱ्या बहुतेकांना तोंडाचा कर्करोग होत नाही; मग ज्यांना होतो त्यांच्यात वेगळे काय?

ह्यूस्टनच्या टी. सी. स्यू यांनी १९८९ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. लिम्फोसाइट्स प्रयोगशाळेत वाढवायच्या, शेवटचे काही तास त्यांना ब्लिओमायसिन द्यायचे आणि गुणसूत्रांवरच्या तुटी मोजायच्या. पेशीमागे सरासरी ०.८ च्या वर तुटी म्हणजे 'संवेदनशील'. तोंड-घशाच्या कर्करुग्णांत असे लोक जास्त सापडले. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तंबाखूमुळे एकाहून अधिक प्राथमिक कर्करोग झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तोही याच प्रश्नाच्या मागावर.

कल्पना देखणी आहे, पण समोरच्या एका माणसासाठी निरुपयोगी. रुग्ण आणि निरोगी गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात, मोजणारा बदलला की निकाल हलतो, शिवाय बरेचसे अभ्यास रोग झाल्यानंतरच्या रक्तावर झालेले. आणि समजा अहवाल 'संवेदनशील नाही' असा आला, तर गुटख्याची पुडी त्याच संध्याकाळी फुटेल. अपवाद फॅन्कोनी ॲनिमियाचा. व्यसन नसलेल्या तरुणाच्या तोंडात कर्करोग दिसला, तर मायटोमायसिन-सी वापरून केलेली गुणसूत्र-तुटीची चाचणी जरूर मागवा. तिथे ती निदानाचीच आहे आणि केमो-रेडिएशनचा बेत तिच्यावर बदलतो.

बाकीच्यांसाठी टॉर्च आणि दोन बोटे पुरतात. तिरुवनंतपुरमच्या चाचणीत नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तोंड-तपासणीने तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांश घटले. हे २००५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. गालाचा आतला भाग, जिभेची कड, ओठामागची मशेरीची जागा, तोंड किती उघडते: मिनिटभराचे काम आहे. "तंबाखू सोडलंय, आता नुसती सुपारी" असे म्हणणाऱ्याचेही तोंड बघा. सुपारीच्या बागायती आपल्याच लोकांच्या, म्हणून बोलायला जड जाते. पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवले आहे.

गुणसूत्रांच्या तुटी मोजण्यासाठी संशोधक रक्ताचे नमुने मागायला आले तर त्यांना जरूर मदत करा. मात्र देणाऱ्याला आधीच सांगा, की त्याच्या नावाचा धोक्याचा आकडा यातून मिळणार नाही.